तेजीच्या वर्षी ठरवायच्या गोष्टी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. खान्देशात पूर्वहंगामी कापसाची पहिली वेचणी घरात येण्याची हीच वेळ. तेव्हापासून जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात, टपरीवर, लग्नाच्या मांडवात एकच वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते, चीन मंदावला, त्याने आपली रुई घेणं सोडलं, म्हणून आपण बुडालो; मोठ्या देशांना आपला कच्चा माल फक्त ओरबाडायचा असतो. दुसरी म्हणते, बांगलादेश वाढतोय, व्हिएतनाम वाढतोय, सरकारने मध्ये हात घालणं थांबवलं की भाव आपोआप मिळेल. दोघंही तावातावाने बोलतात, दोघांकडे आकडे असतात, आणि दोघंही फक्त गिऱ्हाइकाबद्दल बोलत राहतात. विकणाऱ्याने काय करावं याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था कच्चा माल विकणाऱ्याला खरा पैसा देते, ते मृगजळ नसतं. पण तो पैसा ती काही वर्षंच देते, कारण वाढीचा तो टप्पाच काही वर्षांचा असतो. रस्ते, इमारती, गिरण्या उभारणारा देश लोखंड, तांबं, कापूस गिळतो. उभारणी झाली की त्याची भूक बदलते. विकणाऱ्या मुलखाचं भलं-बुरं ठरतं ते दोन गोष्टींवर: तेजीत येणाऱ्या जादा पैशाचं काय करायचं याचा नियम त्याने तेजीआधी केला होता का, आणि तो नियम मोडण्याचा अधिकार कुणाच्या हातात होता. खान्देशाने याची किंमत दोनदा मोजली आहे. त्यावरचा उपायही एकेकाळी आपल्याच राज्याच्या योजनेत होता.

पहिली वेळ १८६१ ची. त्या काळी जगातली सर्वात मोठी औद्योगिक सत्ता ब्रिटन होती, आणि तिच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला बहुतांश अमेरिकेतून, गुलामांच्या मळ्यांतून जात होता. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या लँकेशायरचं लक्ष वऱ्हाड-खान्देशाकडे वळलं. आखूड धाग्याचा आपला कापूस ज्यांना कालपर्यंत नको होता, तेच आता मागेल त्या भावाने उचलू लागले. याच दशकात रेल्वे खान्देशातून पुढे सरकत होती. १ जानेवारी १८६५ ला थळ घाट खुला झाला आणि इथल्या गाठींना मुंबईची सलग वाट मिळाली. बैलांच्या शिंगांना चांदी मढवल्याच्या, गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळाच्या सांगितल्या जातात. कापसात भेसळ इतकी माजली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. युद्धाच्या वर्षांत कापसावर मुंबईने नेहमीपेक्षा आठ कोटी पौंडांच्या आसपास जास्त कमावले, असा तेव्हाचा अंदाज आहे. मग एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. १ जुलै १८६५ ला मुंबईचा शेअरबाजार कोसळला, समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीचे कागद कवडीमोल झाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्या तेजीत नाव झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला आणि तो आजही उभा आहे. इकडे देशावरच्या गावांत मात्र चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचललेलं कर्ज तेवढं शिल्लक राहिलं, आणि दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंगलींच्या कारणांत कापसाच्या तेजी-मंदीचा हात होता, हे चौकशी आयोगानेही पाहिलं. एकाच तेजीचा पैसा बंदरावर इमारत होऊन राहिला आणि शेतावर व्याज होऊन राहिला, असं का झालं?

यात ब्रिटनला शिव्या देऊन काम भागत नाही, कारण त्याच तेजीत इजिप्तही होता आणि तो तेव्हा कुणा इंग्रज कलेक्टरच्या ताब्यात नव्हता. तिथला राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने कापसाचा चढा भाव कायमचा धरून युरोपातून कर्जं काढली, कालवे, रेल्वे, राजवाडे बांधले. भाव उतरला, कर्ज तसंच राहिलं. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर विकावे लागले, १८७६ मध्ये दिवाळं निघालं आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज आली. इथे गुलामी आधी आली नाही. भावाच्या हिशेबातली चूक आधी झाली आणि गुलामी तिच्या मागून आली.

दुसरी वेळ आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिली. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला, २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि काही वर्षांत आपण कापूस मागवणारे होतो ते विकणारे झालो. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात कापूस पौंडाला २ डॉलरच्या वर गेला. तिथे वायदे सुरू झाले १८७० मध्ये, तेव्हापासून असा भाव कधी आला नव्हता. आपल्याकडे लांब धाग्याचा हमीभाव ३,००० रुपये असताना बाजारात सहा-सात हजारांची भाषा सुरू झाली. मग त्याच वर्षी भाव पडू लागला. चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांसाठी टनाला १९,८०० युआन भाव बांधून सरकारी गोदामं भरायला घेतली, आणि स्वतःचा कापूस गोदामात गेल्याने तिथल्या गिरण्या आपल्याकडून रुई आणि सूत घेऊ लागल्या. २०११-१२ मध्ये देशातून सुमारे १ कोटी ३० लाख गाठी बाहेर गेल्या, त्यातल्या बहुतेक चीनला. २०१४ पर्यंत चीनच्या गोदामांत १ कोटी टनांहून जास्त कापूस साठला. मग बीजिंगने धोरण बदललं: साठा थांबवला आणि शिनजियांग या आपल्या कापूसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला थेट अनुदान दिलं. आपली निर्यात निम्म्याहून खाली आली, भाव हमीभावाला टेकला, आणि २०१४-१५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, सुमारे ८७ लाख गाठी उचलाव्या लागल्या. चीनची अर्थव्यवस्था तेव्हा मंदीत होती का? नाही, ती तेव्हाही वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास वाढत होती. म्हणून ‘चीन मंदावला आणि आपण बुडालो’ हे वाक्यच मला चुकीचं वाटतं. वाढ चालू असतानाच तिथल्या एका कचेरीतला निर्णय बदलला आणि धुळ्याच्या बाजार समितीत बैलगाड्या थांबल्या. आपली कमाई कुणा एकाच्या निर्णयावर उभी होती, हे आपल्याला ती गेल्यावर कळलं.

आता ‘सरकारने हात काढावा’ म्हणणाऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण त्यात दम आहे. पहिलं म्हणजे आपल्याच सरकारने तेजीचा घास तोंडातून काढून घेतला, हा आरोप शंभर टक्के खरा आहे. २०१०-११ ला निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा होती. ५ मार्च २०१२ ला निर्यात एका आदेशाने बंद झाली आणि आठवड्याभरात तो आदेश सैल करावा लागला. भाव चढला की गिरणीचं ऐकायचं, उतरला की शेतकऱ्याला धीर धरायला सांगायचं, असं वर्षानुवर्षं चाललं आहे. २०२५ च्या ऑगस्टमधल्या शुल्कमाफीचं कारण मला समजतं: अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं होतं आणि तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यांना स्वस्त कापूस हवा होता, तिथेही माणसंच काम करतात. पण त्यांच्या अडचणीचा भार एकट्या कापूस पिकवणाऱ्याने का उचलावा, याचं उत्तर कुणी दिलं नाही. दुसरं, मोठ्या देशाच्या वाढीतून कच्चा माल विकणाऱ्याचं नुकसानच होतं, हा जुना सिद्धांतही सरसकट टिकत नाही. १९५० च्या सुमारास अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी मांडलं होतं, की कच्चा माल कारखान्याच्या मालाच्या तुलनेत दिवसेंदिवस स्वस्त होत जातो. चीनने काही वर्षं हे उलटं करून दाखवलं. त्याने तांबं आणि सोयाबीन महाग केलं, आणि मोबाईल, सौरपट्ट्या, फवारणी पंप स्वस्त केले. आपल्या शेतातला बॅटरीवरचा फवारा पाहिला तरी हे पटेल. त्या वर्षांत ब्राझील, चिली, झांबिया इथे लाखो लोकांच्या हातात पैसा खुळखुळला. तो खोटा नव्हता.

पण मग एवढा पैसा येऊनही झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये कर्जाचा हप्ता का चुकवला? तांबं तिथेही होतं, चिलीतही होतं. गिऱ्हाईक दोघांचंही चीन. झांबियाने २००८ मध्ये खाणींच्या जादा नफ्यावर कर लावला आणि भाव पडताच २००९ मध्ये तो काढून टाकला. पुढे २०१२ ते २०१५ या चार वर्षांत डॉलरमधले ३०० कोटींचे रोखे विकले, तांब्याचा चढा भाव तसाच राहील या विश्वासावर. इस्माईलचीच गोष्ट, दीडशे वर्षांनी. चिलीने मात्र २००१ मध्ये एक शिस्त घालून घेतली होती: सरकारने खर्च करायचा तो तांब्याच्या आजच्या भावावर नाही, येत्या दहा वर्षांच्या अंदाजी सरासरी भावावर. ती सरासरी मंत्री ठरवत नाहीत. सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची समिती ठरवते. आजचा भाव तिच्या वर असेल तर वरचा पैसा निधीत. २००६ ते २००८ या वर्षांत तिथे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तांब्याचा पैसा शाळांवर खर्च करा म्हणाले. राष्ट्राध्यक्ष बाचेलेट आणि अर्थमंत्री वेलास्को यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी निधीला हात लावला नाही. २००८ अखेर त्यात सुमारे २,००० कोटी डॉलर जमले होते, आणि जागतिक मंदीत तांबं कोसळलं तेव्हा २००९ मध्ये त्यातूनच गरिबांना मदत, रोजगार, अनुदानं दिली गेली. चिलीचे सगळे प्रश्न त्यामुळे सुटले नाहीत, तिथली विषमता अजून टोचते. पण भाव पडला त्या वर्षी दारात सावकार उभा नव्हता.

‘ते तांबं, ते देश, आपण पाच एकरवाले’ असं यावर मला एका शेतकरी जिभाऊंनी ऐकवलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. हा नियम महाराष्ट्राने चिलीच्या जवळजवळ तीस वर्षं आधी केला होता. १९७२ ला सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारी खरेदीलाच द्यायची सक्ती, आठवते का? बहुतेकांना तिच्या लांबलेल्या रांगा, उशिरा मिळालेले चुकारे, ग्रेडरची दादागिरी आणि रात्री हद्द ओलांडून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे जाणाऱ्या गाड्या आठवतात. शेतकरी संघटनेने तिच्यावर हल्ला चढवला तो योग्यच होता. आपला माल कुणाला विकायचा हे ठरवण्याचा हक्क काढून घेणं अन्याय होता. पण त्या योजनेच्या पोटात एक शहाणपणाची तरतूद होती: भाव चढउतार निधी. हमीभावापेक्षा विक्रीतून जास्त मिळालं तर त्यातला तीन-चतुर्थांश शेतकऱ्याला आणि एक-चतुर्थांश त्या निधीत, म्हणजे पडत्या वर्षी त्यातून भरपाई. कल्पना चिलीचीच. मग तिची माती का झाली? कारण किती भाव द्यायचा हे मंत्रालयात ठरू लागलं. निवडणूक आली की भाव वर, आगाऊ वाढीव रक्कम वर, बाजार काहीही म्हणो. चांगल्या वर्षी साठवायचं ते वाटलं गेलं आणि नव्वदच्या दशकात तोटे डोक्यावर चढले. आपण योजना बंद केली आणि तिच्याबरोबर निधीची कल्पनाही पुरून टाकली. रोगी एक, चिता दोघांची.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या वादात कधीच येत नाही. आपण स्वतःला नेहमी विकणारे समजतो. पण जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलांच्या गोदामात गेलात तर पोत्यांवर कुठली नावं दिसतात? लेमन, अरुषा, गजरी. म्हणजे ब्रह्मदेशाची, टांझानियाची, मोझांबिकची तूर. तिथल्या शेतकऱ्यासाठी वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था चीन नाही, आपण आहोत. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा दिल्ली हवालदिल झाली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला, की वर्षाला १ लाख टनांपासून वाढवत २ लाख टनांपर्यंत डाळ घेऊ. तिथल्या शेतकऱ्याने तूर पेरली. तूर ते स्वतः फारशी खात नाहीत, ती आपल्यासाठीच लावतात. पुढच्याच हंगामात आपल्याकडे विक्रमी पीक आलं, आपली तूर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली विकू लागली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आपण तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातला वाटा आपण पाळला, पण बाकीचं दार लागलं. मोझांबिक, मलावी, टांझानियात तुरीचे भाव कोसळले. आपल्या तूर उत्पादकाला वाचवायला ते दार लावणं गरजेचं होतं, हेही मला मान्य आहे. पण त्या आफ्रिकी शेतकऱ्याच्या अंगणात आज जो वाद चालत असेल तो मला इथे बसून ऐकू येतो: भारत मंदावला म्हणून आपण बुडालो. भारत मंदावला नव्हता. त्याने फक्त आपल्या घरचं पाहिलं. मोठं गिऱ्हाईक असंच वागतं. ते दुष्ट असतं म्हणून नाही, त्याचेही मतदार असतात म्हणून. हे एकदा मान्य केलं की गिऱ्हाइकाच्या स्वभावावर वाद घालण्यात वेळ जात नाही.

राहिला मुद्दा ‘कच्चा माल विकूच नका, कापड करा’ याचा. तो ऐकायला सोपा आहे आणि त्यात गणितही बरोबर आहे. एक क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकीची सरकी. एका शर्टाला पाव किलोभर रुई लागते, म्हणजे चाळीसेक रुपयांची. उरलेला पैसा सूत कातणाऱ्याला, विणणाऱ्याला, शिवणाऱ्याला आणि दुकानदाराला. बांगलादेश कापूस जवळपास पिकवतच नाही, आपल्यासारख्यांकडून घेतो, आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत जगात वरच्या रांगेत बसतो. पण खान्देशाने गिरण्या काढल्या नव्हत्या का? अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, चाळीसगावची मिल; यांच्या भोंग्यावर गावं उठायची. पुढे सहकारी सूतगिरण्यांची रांग लागली. त्यातल्या कितींची चाकं आज फिरतात हे आपण जाणतोच. गेल्या दशकात चिनी कंपन्यांनी व्हिएतनाममध्ये सूतगिरण्या उभ्या केल्या, कारण तिथलं सूत चीनमध्ये बिनशुल्क जात होतं आणि आपल्या सुतावर साडेतीन टक्के लागत होते. साडेतीन टक्क्यांनी बाजार हातचा गेला. त्यामुळे गिरणी काढली की सुटलो, असं मी म्हणणार नाही. गिरणीलाही वाईट वर्षं काढायला साठा लागतो, आणि पुन्हा आपण त्याच प्रश्नापाशी येतो.

तर मागणी काय आहे? कापसाचा चढउतार निधी पुन्हा सुरू करा, पण एकाधिकाराशिवाय. माल कुणालाही विका. मागच्या सात-आठ वर्षांच्या सरासरीवर एक आधारभाव ठरवा, आणि तो ठरवायचं काम राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि बाहेरचे अर्थतज्ज्ञ यांच्या समितीला द्या. एकदा जाहीर झालेला आधारभाव मंत्रिमंडळाला बदलता येऊ नये. बाजार त्याच्या बराच वर गेला तर जिनिंगमध्ये मोजमाप होतानाच फरकातला लहानसा हिस्सा कापा. तो एकत्रित तिजोरीत टाकू नका, नाहीतर पुन्हा तेच होईल. तो त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात जाऊ द्या, सातबारा आणि ई-पीक पाहणीला जोडलेल्या, आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालावी. भाव आधारभावाखाली गेला त्याच वर्षी पैसे काढता येतील. आयातशुल्क आणि निर्यातबंदीचे निर्णय पेरणीआधी जाहीर करून हंगामभर न बदलण्याचं बंधन केंद्राने घालून घ्यावं. एवढ्याने हेक्टरी उतारा वाढणार नाही, गुलाबी बोंडअळी जाणार नाही. ब्राझीलचा शेतकरी आपल्या चौपट रुई काढतो आणि २०२३-२४ मध्ये त्यांनी निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकलं. पण त्या ब्राझीलनेही कापसाच्या अनुदानाचा खटला जागतिक व्यापार संघटनेत जिंकून अमेरिकेकडून मिळालेला पैसा वाटून न टाकता एका कापूस संस्थेत घातला, हे विसरून चालणार नाही.

कर्जात बुडालेला शेतकरी तेजीच्या वर्षी तरी काय वाचवणार, हा सर्वात टोकदार आक्षेप, आणि तो मला रात्री जागवतो. त्यावर माझ्याकडे त्याच जिभाऊंचं उदाहरण आहे. २०२१-२२ मध्ये त्यांना क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला. पुढच्या हंगामात नऊ हजार मिळत असताना त्यांनी कापूस विकला नाही, बारा हजारांची वाट पाहत घरातल्या दोन खोल्या छतापर्यंत भरल्या. होळी गेली, अक्षय्य तृतीया गेली. घरातल्या लेकरांच्या अंगाला खाज सुटली, सुनेने स्वयंपाक ओसरीवर हलवला. जूनमध्ये बियाण्याला पैसे हवे होते म्हणून तोच कापूस साडेसहा-सात हजारांनी गेला. बचत करण्याची ताकद त्यांच्यात नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी अख्ख्या वर्षाची कमाई आठ महिने घरात साठवून ठेवली होती. फक्त साठवायला त्यांच्यापाशी कापसाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि पडत होता तो कापूसच. चीन, बांगलादेश, अमेरिका यांच्यावर जिभाऊ आजही तासभर बोलतात. परवा मात्र त्यांनी मला विचारलं, त्या निधीत पहिल्या वर्षी क्विंटलमागे किती कापायचे म्हणतोस. मी दोनशे म्हणालो. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, दहा हजारांच्या वर्षी पाचशेही दिले असते.